इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बिघडला: साफ करायचा, दुरुस्त करायचा की बदलायचा?

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरतं, कधी बंदच पडतं. एसी लावला की त्रास वाढतो. किंवा घाटाच्या चढणीवर अचानक चेक इंजिनचा दिवा लागतो आणि एक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी उचलत नाही, जेमतेम रांगते. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नव्हतं अशी पळते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘थ्रॉटल’ शब्द असलेला एखादा कोड येतो आणि लगेच नव्या थ्रॉटल बॉडीचा खर्च सांगितला जातो. हा खर्च बऱ्याचदा वाया जातो. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, आणि थ्रॉटल बॉडी म्हणजे ती झडप, तिची मोटर आणि सेन्सर बसवलेला भाग. कोड एवढंच सांगतो की इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, थ्रॉटलकडून आलेल्या माहितीचा मेळ लागला नाही. दोष थ्रॉटलच्या आत आहे, वायरीत आहे, बॅटरीत आहे की नुसत्या काजळीत, हे त्यानंतर शोधायचं असतं. त्यासाठी मल्टिमीटर, लाइव्ह डेटा, म्हणजे चालू क्षणाचे आकडे, दाखवणारा ओबीडी स्कॅनर आणि तासभर वेळ बहुतेक वेळा पुरतो.

पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेल इंजिनातही हवेच्या वाटेवर झडप असते, पण तिचं काम वेगळं असतं.

आत काय असतं

जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल जायची. आता पेडलला दोन सेन्सर असतात. पेडल किती दाबलं ते त्यांच्याकडून ईसीयूला कळतं. मग गाडीचा वेग, एसीचा भार, ट्रॅक्शन कंट्रोल असं सगळं पाहून झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीवरची छोटी डीसी मोटर ती झडप फिरवते. मोटर आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये गिअर असतात, त्यातला मधला बहुधा प्लास्टिकचा. झडप खरोखर किती उघडली हे तपासायला पुन्हा दोन सेन्सर. म्हणून बहुतेक थ्रॉटल बॉड्यांच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, सहा वायरी दिसतात: दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि दोन सेन्सर सिग्नलच्या.

सेन्सर मुद्दाम दोन ठेवलेले असतात, कारण एकच असता तर तो खोटं बोलतोय हे कळायला काही मार्ग नसता. बऱ्याच गाड्यांत झडप उघडताना एका सेन्सरचा व्होल्टेज वाढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो, त्यामुळे दोघांची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. काही गाड्यांत दोन्ही वाढतात, पण वेगवेगळ्या चढाने. पद्धत कुठलीही असो, ईसीयू सतत दोघांची तुलना करत असतो. मेळ बसला नाही की पी२१३५ हा कोड पडतो. पेडलच्या दोन सेन्सरांचा मेळ बसला नाही तर पी२१३८. हे दोन कोड दिसायला सारखे आहेत आणि गोंधळात भलताच पार्ट बदलला जातो: पी२१३८ आला असेल तर थ्रॉटल बॉडीला हात लावायचं काहीच कारण नाही, पेडल आणि त्याच्या वायरी पाहायच्या.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे उपयोगी पडते. मोटरला वीज नसते तेव्हा झडप पूर्ण बंद नसते. स्प्रिंग तिला किंचित उघडी धरून ठेवतात. आयडलिंगला, म्हणजे पेडल सोडून इंजिन नुसतं चालू ठेवण्याच्या अवस्थेला, आणायचं तर मोटरला स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून झडप मिटवावी लागते. ईसीयूचा विश्वास उडाला की तो मोटरची वीज तोडतो, झडप या किंचित उघड्या जागी येऊन थांबते आणि गाडीला रस्त्याच्या कडेपर्यंत नेण्यापुरती हवा मिळते. ती रांगणारी अवस्था म्हणजे लिंप मोड. पेडल दाबून काही होत नाही म्हणून जोरजोरात दाबत राहू नका. हॅझार्ड लावा, डावीकडे घ्या.

गाडी आपोआप पळत सुटेल का, ही भीती अनेकांना वाटते. टोयोटाच्या गाड्यांबद्दल अमेरिकेत २००९-१० मध्ये याच भीतीने मोठं वादळ उठलं होतं. सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून तपास करून घेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या अहवालात इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आपोआप मोठा उघडतो असा पुरावा सापडला नाही. बिघाड झाला की ताकद काढून घ्यायची, याच हिशेबाने ही यंत्रणा बांधलेली असते.

काजळी: सगळ्यात मोठा गुन्हेगार

इंजिनच्या क्रँककेसमधली तेलकट वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या वाटेकडे, येते. ईजीआर, म्हणजे जळालेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, असेल तर त्या वायूची काजळीही त्यात मिसळते. हे सगळं झडपेच्या कडेला आणि ती जिथे मिटते तिथे भिंतीवर चिकट काळं कडं बनून बसतं. आयडलिंगला झडप आणि भिंत यांच्यात अगदी बारीक फट असते. कड्याने ती फट अडवली की तेवढीच हवा मिळवायला ईसीयू झडप थोडी जास्त उघडतो आणि तो फरक लक्षात ठेवतो. काजळी वाढत जाते तसा फरक वाढत जातो. महिनोन्‌महिने चालकाला काहीच जाणवत नाही. शेवटी ही भरपाई ईसीयूच्या मर्यादेला भिडते आणि मग पहिल्यांदा तक्रार सुरू होते: गाडी थांबताना बंद पडते, एसीचा कॉम्प्रेसर लागला की आरपीएम कोसळतात, पार्किंगमध्ये स्टिअरिंग वळवताना इंजिन गुदमरतं. कोड आलाच तर पी०५०६ किंवा पी०५०५ सारखा आयडलिंगचा असतो, कधी पी२११९.

काजळी लवकर का साचते तेही पाहायला हवं, नाहीतर साफ केलेला थ्रॉटल वर्षभरात पुन्हा तसाच होतो. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं असणं हे फार सामान्य कारण. दुसरं, पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असणं. तिसरं, एअर फिल्टर नीट न बसवल्यामुळे कडेने धूळ आत जाणं. तेल आणि धूळ एकत्र आले की कडं दगडासारखं घट्ट होतं.

सेन्सरची पट्टी झिजणं

जुन्या पद्धतीच्या थ्रॉटलमध्ये सेन्सर म्हणजे कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारे पितळी बोटांसारखे संपर्क. झडप सगळ्यात जास्त वेळ आयडलिंग आणि हलक्या क्रूझच्या जागी असते आणि तिथे बारीक थरथरत राहते, म्हणून पट्टीही नेमकी तिथेच झिजते. पूर्ण उघडताना सिग्नल स्वच्छ, पण सुरुवातीच्या भागात उड्या मारणारा, अशी त्याची खूण.

या दोषाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्होल्व्होचं. १९९९ ते २००१ च्या सुमाराच्या एस८०, एस७०, व्ही७०, सी७० आणि एस६० या मॉडेलांत मॅग्नेटी मरेलीचं थ्रॉटल मॉड्यूल होतं. त्यातली पट्टी झिजायची, आयडलिंग वरखाली व्हायचं आणि गाडी लिंप मोडमध्ये जायची. कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाच्या पाठपुराव्यानंतर व्होल्व्होने अमेरिकेत या मॉड्यूलची वॉरंटी १० वर्षे किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवली. त्या मॉड्यूलच्या आतच स्वतःचा कॉम्प्युटर होता, म्हणून भंगारातून दुसरं आणून बसवलं तरी त्या गाडीसाठी सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय ते चालत नसे. आणि भंगारातलं मॉड्यूल तेवढंच झिजलेलं! टिकाऊ उपाय निघाला तो घासणारी पट्टी काढून तिथे स्पर्श न करता मोजणारा सेन्सर बसवण्याचा. कॅनडातल्या झेमोडेक्स या कंपनीने असे मॉड्यूल नव्याने बांधून देण्यात नाव कमावलं. आताच्या बहुतेक थ्रॉटल बॉड्यांत सुरुवातीपासूनच असे चुंबकीय किंवा इंडक्टिव्ह सेन्सर असतात, त्यामुळे पट्टी झिजण्याचा प्रश्न त्यांना नाही.

मोटर, गिअर आणि पाणी

मोटरचे ब्रश झिजले किंवा त्यांची भुकटी आत साचली तर झडप अडकते: पी२१११ म्हणजे उघडी अडकली, पी२११२ म्हणजे बंद अडकली. फोर्डने अमेरिकेत २००९ ते २०१३ च्या काही एस्केप आणि फ्यूजन गाड्यांच्या थ्रॉटल बॉडीची वॉरंटी १० वर्षे किंवा १.५ लाख मैलांपर्यंत वाढवली होती, ती याच जातीच्या तक्रारींमुळे. प्लास्टिक गिअरचे दात मात्र बऱ्याचदा माणसाच्या हातून तुटतात, साफ करताना बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने झडप झटक्यात ढकलल्यामुळे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुवून घेण्याची हौसही महाग पडते. पाणी कपलरमध्ये शिरतं, पिना हिरव्या पडतात आणि दोष महिन्याभराने डोकं वर काढतो. त्यामुळे धुण्याशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

वायरी आणि व्होल्टेज

इथे घाई करू नका, नव्या थ्रॉटल बॉडीचे पैसे वाचतात ते बहुतेक इथेच. दोन्ही सेन्सरांना मिळून ५ व्होल्टची वायर एकच आणि ग्राउंडची वायरही एकच असते. ग्राउंडची वायर कुरतडलेली किंवा पिन सैल असेल तर दोन्ही सिग्नल एकाच वेळी वर सरकतात आणि बेरीज ५ च्या वर जाते. पट्टी झिजली असेल तर मात्र एकच सिग्नल उड्या मारतो, दुसरा शहाण्यासारखा वागतो. म्हणजे दोन्ही सिग्नल एकदम बिघडलेले दिसले तर थ्रॉटलच्या आत पाहण्याआधी दोघांची सामायिक वायर पाहायची. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांमुळे ही तक्रार आपल्याकडे फार येते. वायरिंगच्या काळ्या नळीवर दातांच्या खुणा आणि बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या दिसल्या तर तिथूनच सुरुवात करा.

काही गाड्यांत तीच ५ व्होल्टची लाइन एसीच्या प्रेशर सेन्सरलाही जाते. तो सेन्सर शॉर्ट झाला की कोड थ्रॉटलचा पडतो. अशक्त बॅटरीचंही तसंच. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडला की मोटर झडप वेळेत हलवू शकत नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये ब्रेक लाइटचा स्विच खराब झाला तरी ईपीसीचा दिवा (इंजिनच्या ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा इशारा) लागतो, कारण ब्रेक दाबलाय की नाही हे ईसीयूला थ्रॉटलसाठीही कळावं लागतं. मागचे ब्रेक लाइट नीट लागतात ना, हे आधी पाहून घ्या. फुकटात होणारी तपासणी आहे.

तपासण्याचा क्रम

आधी कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा (दोष नोंदला गेला त्या क्षणाचे इंजिनचे आकडे) लिहून किंवा फोटो काढून ठेवा, मगच कोड पुसा. बॅटरी पाहा: इंजिन बंद असताना साधारण १२.४ व्होल्टच्या वर, चालू असताना १३.५ ते १४.५.

मग चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात पेडलचे दोन्ही सेन्सर, थ्रॉटलची मागणी आणि थ्रॉटलची प्रत्यक्ष जागा आलेखावर लावा. पेडल दहा सेकंद घेऊन अगदी सावकाश दाबा, तसंच सोडा. रेघ सलग चढली पाहिजे. पेडलची रेघ तुटत असेल तर दोष पेडलमध्ये. पेडल स्वच्छ, मागणी स्वच्छ, पण प्रत्यक्ष जागा मागे रेंगाळते किंवा अडते, तर मोटर, गिअर किंवा काजळी. सिग्नलची रेघ एखाद्या ठिकाणी सुईसारखी खाली पडते, तर पट्टी किंवा वायर. काही गाड्यांत इंजिन बंद असताना ईसीयू झडप पूर्ण उघडू देत नाही. तेवढ्यावरून दोष ठरवू नका.

रेघ तुटत असेल तर कपलर आणि वायरिंग हाताने हळूहळू हलवत तोच आलेख पाहा. वायर हलवल्यावर रेघ तुटली की उत्तर मिळालं. मल्टिमीटरने कपलरवर ५ व्होल्ट येतात का ते बघा. कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन घालून ग्राउंडच्या वायरीवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. तो जवळजवळ शून्य, म्हणजे ०.०५ व्होल्टच्या आत हवा. कपलर काढून मोटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. निरोगी मोटर सहसा काही ओम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर मोटर किंवा ब्रश गेले.

सीएनजीवाल्यांसाठी एक सोपी खूण. सिक्वेन्शियल किटमध्ये थ्रॉटल दोन्ही इंधनांना एकच असतो. तक्रार फक्त सीएनजीवर येत असेल आणि पेट्रोलवर गाडी मख्खन चालत असेल तर थ्रॉटल बॉडी निर्दोष समजा आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस फिल्टर, इंजेक्टर, ट्यूनिंग पाहा.

साफ करताना

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मगच कपलर काढा. एअर फिल्टरपासून येणारा होज सोडवा. थ्रॉटल बॉडी सहसा चार बोल्टवर असते. काही गाड्यांत तिला कूलंटचे दोन बारीक पाइपही जोडलेले असतात. ते काढले तर चिमट्याने दाबून धरा आणि शेवटी कूलंट भरून हवा काढायला विसरू नका. शक्य असेल तर बॉडी पूर्ण काढूनच साफ करा. गाडीवर ठेवून स्प्रे मारला की विरघळलेली घाण इनटेकमध्ये जाते आणि झडपेची मागची बाजू, जिथे काजळी जास्त असते, ती तशीच राहते.

थ्रॉटल बॉडी क्लीनर वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर, पेट्रोल किंवा थिनर नको. काही थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला आणि भिंतीवर कारखान्यातच एक काळपट लेप दिलेला असतो. तीव्र रसायनाने आणि खरखरीत ब्रशने तो निघतो आणि मग झडप मिटूनही हवा गळत राहते. स्प्रे थेट न मारता कापडावर घ्या, झडप खाली ठेवून पुसा, कडं घट्ट असेल तर मऊ टूथब्रश. दांड्याच्या दोन्ही टोकांना आणि मोटरच्या बाजूला द्रव जाऊ देऊ नका. झडप हलवायचीच तर वीज तोडलेली असताना, बोटाने, अगदी हळू. चावी ऑन असताना बोट आत कधीही घालू नका. मोटर झडप झटक्यात मिटवते आणि बोट कापतं.

ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. बोल्ट तिरपे तिरपे, थोडे थोडे करत आवळा. प्लास्टिक मॅनिफोल्डवरच्या (थ्रॉटलमधून आलेली हवा इंजिनला वाटणाऱ्या भागावरच्या) ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. नक्की आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. जास्त आवळलं तर मॅनिफोल्डमधली आटी निघते आणि ते काम थ्रॉटलपेक्षा महाग आहे.

शिकवणं

साफ केल्यावर आयडलिंग दीड-दोन हजारांवर गेलं म्हणून लोक घाबरतात आणि काम बिघडलं असं मानतात. खरं तर ईसीयू अजून जुन्या, काजळीने भरलेल्या थ्रॉटलचा हिशेब धरून झडप जास्त उघडत असतो. त्याला नवी मिटलेली जागा शिकवावी लागते, नवा थ्रॉटल बसवल्यावर तर नक्कीच.

पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. निस्सानमध्ये पेडलला पाय न लावता चावी ऑन करायची, ऑफ करायची आणि किमान दहा सेकंद थांबायचं. या वेळात थ्रॉटलच्या मोटरचा बारीक आवाज येतो, तो आला म्हणजे बंद जागा नोंदली गेली. होंडामध्ये दिवे, एसी, पंखा सगळं बंद ठेवून इंजिन सुरू करायचं, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत ३,००० आरपीएमवर धरायचं, मग पेडल पूर्ण सोडून साधारण पाच मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. त्यात पंखा चालू राहिलेला वेळ मोजायचा नाही. सुझुकीच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी काही वेळ काढून जुनी नोंद पुसायची आणि मग इंजिन न लावता चावी किमान पाच सेकंद ऑन ठेवायची. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये स्कॅनरमधून बेसिक सेटिंग करावी लागते. बॅटरी अशक्त असेल किंवा आधीचा कोड पुसलेला नसेल तर ती पूर्ण होत नाही.

बदलायचा ठरला तर

मोटर मेली, गिअर तुटला, पट्टी झिजली किंवा दांड्याला हालवल्यावर ढिलाई जाणवली, आणि वायरिंग स्वच्छ निघालं, तर बदला. पार्ट नंबर जुन्या बॉडीवरचा जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत कपलर सारखा आणि सेन्सरची चाल वेगळी असं होतं. बॉश, डेन्सो, कॉन्टिनेन्टल यांच्यापैकी ज्याने मूळ थ्रॉटल बनवला त्याचाच पार्ट सुट्या बाजारात मिळाला तर उत्तम. नाव नसलेला स्वस्त नमुना पहिल्या दिवशी चालतो, पण त्याच्या सेन्सरची चाल थोडी जरी वेगळी असली तरी पी२१३५ परत येतो.

सुटी दुरुस्ती करायची तर गिअर बदलणं किंवा पूर्ण सेन्सर-झाकण बदलणं योग्य, ते भाग मिळत असतील तर. पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि पितळी बोटं वाकवून केलेली दुरुस्ती आम्ही सुचवणार नाही. झिजलेला कार्बन स्प्रेने परत येत नाही. गाडी काही दिवस ठीक चालते आणि मग ऐन वर्दळीत ताकद सोडते. मागे ट्रक असताना हे घडलं तर जिवावर बेतू शकतं.

बसवल्यावर थंड इंजिनवर एकदा, गरम झाल्यावर एकदा, एसी लावून आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून आयडलिंग पाहा. दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवून पुन्हा स्कॅनर लावा आणि पेंडिंग कोड बघा. दिवा लागण्याआधी दोष तिथे दिसतो. जुनी थ्रॉटल बॉडी गॅरेजमधून मागून घ्या आणि झाकण उघडा. पट्टीवर झिजलेली पांढुरकी रेघ, तुटलेला दात किंवा ब्रशची काळी भुकटी दिसायला हवी. यातलं काहीच नसेल, मोटर फिरत असेल आणि गिअर अखंड असतील, तर वायरिंगची तपासणी त्याच आठवड्यात पुन्हा करून घ्या.